काम लांबले की प्रोग्रॅम हँग का होतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डेस्कटॉपचा प्रोग्रॅम लिहून कुणाच्या हाती दिला की पहिली तक्रार बहुधा हीच येते: बटण दाबलं, विंडो पांढरी पडली, मग बंदच करून टाकला. आत काम अगदी बरोबर चाललेले असते, पण समोर बसलेल्या माणसाला ते कळायला काही मार्ग नसतो.

खालच्या उत्तरांत शेवटपर्यंत एकच उदाहरण धरले आहे. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या फाइलींचे अख्खे फोल्डर घ्यायचे आणि सगळ्या फाइली युनिकोडमध्ये आणायच्या, असा प्रोग्रॅम. छापखान्यात, प्रकाशकाकडे, दिवाळी अंकाच्या कार्यालयात अशा फाइली अजून ढिगाने पडलेल्या असतात, आणि त्यासाठी कुणी ना कुणी असा प्रोग्रॅम लिहीत असतेच. आपला प्रोग्रॅम पायथॉनमध्ये, क्यूटीच्या (विंडो, बटणे वगैरे बनवण्याच्या साधनसंचाच्या) पायसाइड लायब्ररीवर आहे असे समजू. बाकीच्या भाषांबद्दल पुढे वेगळा प्रश्न आहे.

हँग होते म्हणजे नेमके काय होते?

थ्रेड म्हणजे प्रोग्रॅममधली एकामागून एक सूचना चालवणारी एक वाट; एका प्रोग्रॅममध्ये अशा अनेक असू शकतात. विंडो असलेल्या प्रत्येक प्रोग्रॅममध्ये एक मुख्य थ्रेड असतो आणि तो एका न संपणाऱ्या लूपमध्ये फिरत असतो. माऊस हलला, कळ दाबली, विंडोवरची दुसरी विंडो बाजूला झाली म्हणून हा भाग पुन्हा रंगवा, असा प्रत्येक निरोप ऑपरेटिंग सिस्टिम एका रांगेत ठेवते. लूप तो उचलतो, त्यावरचे काम करतो आणि पुढचा निरोप घेतो. तुमच्या बटणाचे फंक्शन याच लूपच्या पोटात चालते. ते परत आल्याशिवाय पुढचा निरोप उचलला जात नाही.

एसटीच्या आरक्षण खिडकीवर एकच कारकून असावा आणि तोच उठून मागच्या खोलीत जुनी वही शोधायला जावा, तसे हे आहे. रांग वाढत राहते आणि बाहेरच्यांना वाटते की खिडकी बंद झाली.

यातून एक त्रास असा होतो की पहिल्या काही सेकंदांत वैतागून केलेले क्लिकही रांगेत साठतात. "रूपांतर करा" तीनदा दाबले गेले असेल, तर पहिले रूपांतर संपल्यावर दुसरे सुरू होते, त्यानंतर तिसरे. काही लोक "प्रोग्रॅम काम दोनदा करतो" अशी तक्रार करतात, तिचे मूळ बऱ्याचदा इथे असते. काम सुरू होताच, फंक्शनच्या पहिल्याच ओळीत बटण बंद करायचे हे खरे, पण काम मुख्य थ्रेडवरच चालले असेल तर त्याचा उपयोग नाही. साठलेले क्लिक उचलले जातात तोवर फंक्शन संपलेले असते आणि बटण पुन्हा चालू झालेले असते.

"नॉट रिस्पॉन्डिंग" हे कोण ठरवते?

विंडोज ठरवते. प्रोग्रॅमने ५ सेकंद रांगेकडे पाहिलेच नाही तर विंडोज त्याला प्रतिसाद न देणारा मानते. विंडोज एक्सपीपासून अशा वेळी मूळ विंडो लपवून तिच्या जागी तिची एक नक्कल ठेवली जाते. ती हलवता येते, बंद करता येते, पण आतले काही चालत नाही. पांढरट दिसते ती ही नक्कल. मॅकवर रंगीत चक्र फिरू लागते, तर लिनक्सवर ग्नोममध्ये "थांबायचे की जबरदस्तीने बंद करायचे" अशी विचारणा येते.

ही नक्कल बंद ठेवण्याची सोय विंडोजमध्ये आहे. ती वापरू नका. आजार तसाच राहतो आणि लक्षण तेवढे झाकले जाते.

किती वेळ लागला तर काम "लांब" म्हणायचे?

रॉबर्ट मिलर यांनी १९६८ मध्ये आणि त्यांच्या आधाराने जेकब नील्सन यांनी १९९३ मध्ये मांडलेले तीन आकडे आजही चालतात. ०.१ सेकंदाच्या आत उत्तर आले तर माणसाला ते लगेच झाल्यासारखे वाटते. १ सेकंदापर्यंत उशीर जाणवतो, पण विचाराची साखळी तुटत नाही. १० सेकंदांच्या पुढे लक्ष दुसरीकडे जाते.

माझा हिशेब असा: मुख्य थ्रेडवर ५० मिलिसेकंदांपेक्षा जास्त काही करायचे नाही. सेकंदाला ६० वेळा रंगवणाऱ्या पडद्यावर एका चित्राच्या वाट्याला साधारण १६.७ मिलिसेकंद येतात, म्हणजे ५० मध्ये तीन चित्रे चुकतात. तेवढे चालून जाते. आणि वेळ मोजताना आपल्या नव्या लॅपटॉपवर मोजू नये. फाइली नेटवर्क ड्राइव्हवर आहेत, तो सर्व्हर बंद आहे आणि "ही फाइल आहे का?" एवढ्या साध्या प्रश्नालाही कित्येक सेकंद लागताहेत, ही परिस्थिती कार्यालयांत रोजची आहे.

लूपमध्ये मधूनमधून "प्रोसेसइव्हेंट्स" बोलावले की विंडो चालू राहते. मग काम वेगळ्या थ्रेडवर नेण्याची कटकट कशाला?

व्हिज्युअल बेसिकच्या काळापासून "डूइव्हेंट्स" या नावाने ही युक्ती घरोघरी पोहोचली आहे, आणि एक्सेलच्या मॅक्रोत तिच्याशिवाय फारसा पर्याय नाही हेही मान्य. पण ती काय करते ते पाहा. तुमचे फंक्शन अर्ध्यात असताना ती रांगेतले सगळे निरोप उचलून त्यांची कामे करून टाकते. त्या निरोपांत पुन्हा तेच बटण दाबल्याचा निरोप असू शकतो, दुसरे फोल्डर निवडल्याचा असू शकतो आणि विंडो बंद केल्याचाही असू शकतो. मग तुमचे फंक्शन पुढच्या ओळीवर येते तेव्हा ज्या यादीवर लूप चालू होता ती बदललेली असते, किंवा जे लेबल बदलायचे होते ते नाहीसेच झालेले असते.

क्यूटीमध्ये माऊस आणि कळफलकाचे निरोप वगळून बाकीचे उचलायची सोय आहे. पण मग "रद्द करा" बटणही चालत नाही. शिवाय एक फाइल उघडायला ७ सेकंद लागत असतील तर त्या ७ सेकंदांत तुम्ही प्रोसेसइव्हेंट्स बोलावणार कुठून? पाच-सहाशे लहान पायऱ्यांचे काम असेल, बाकी सगळी बटणे बंद केलेली असतील आणि प्रोग्रॅम स्वतःपुरता असेल, तर वापरा. दुसऱ्याला देणार असाल तर नको.

मग बरोबर मांडणी कोणती?

काम करणारा एक वेगळा ऑब्जेक्ट करा. त्याला विंडोची काहीही माहिती नसावी: फाइलींची यादी घ्यायची, रूपांतर करायचे आणि सिग्नल (क्यूटीतले निरोप) सोडायचे, बस. "इतके झाले", "या फाइलीत अडचण आली", "संपले" असे तीन सिग्नल पुरतात. हा ऑब्जेक्ट क्यूथ्रेडवर (क्यूटीच्या वेगळ्या थ्रेडवर) हलवायचा आणि त्याचे सिग्नल विंडोच्या फंक्शनांना जोडायचे. घेणारा ऑब्जेक्ट दुसऱ्या थ्रेडवर राहत असेल तर क्यूटी तो सिग्नल आपोआप त्या थ्रेडच्या रांगेत टाकते. लॉक वगैरे तुम्हाला लिहावे लागत नाही.

क्यूथ्रेडचाच उपवर्ग करून त्यात स्लॉट (सिग्नल आला की चालणारी फंक्शने) लिहिण्याची पद्धत खूप ठिकाणी दिसते. तिच्यात फसगत अशी की क्यूथ्रेड हा ऑब्जेक्ट, तो ज्या थ्रेडवर तयार केला तिथेच राहतो. नव्या थ्रेडवर फक्त त्याचे "रन" चालते. म्हणजे रांगेतून आलेला सिग्नल त्या स्लॉटला मुख्य थ्रेडवरच मिळतो आणि विंडो पुन्हा अडकते. कोड बघून हे कधीच लक्षात येत नाही.

आणखी एक फायदा. कामाला विंडोची माहिती नसली की तोच कोड उद्या कमांड लाइनवरून चालवता येतो आणि टेस्टही लिहिता येतात. हा फायदा मला हँग न होण्याइतकाच मोठा वाटतो.

मी थ्रेडमधून थेट लेबल बदलतो आणि काही बिघडत नाही. नियम खरंच पाळायचा का?

हो. विंडोतली प्रत्येक गोष्ट मुख्य थ्रेडवरूनच हलवायची, हा नियम क्यूटी, विंडोज फॉर्म्स, डब्ल्यूपीएफ, स्विंग, मॅकचे ॲपकिट अशा सगळ्यांचा आहे. तो मोडला तर प्रोग्रॅम लगेच पडेल असे नाही, आणि त्रास तिथेच आहे. तुमच्याकडे महिनाभर चालते, ग्राहकाकडे मंगळवारी दुपारी पडते. सी शार्पमध्ये निदान डीबगर तरी "दुसऱ्या थ्रेडवरून कंट्रोलला हात लावला" म्हणून अडवतो.

काम थ्रेडवर नेले तरी विंडो अडखळतेच. असे का?

पायथॉनमध्ये हे होणारच, त्यामुळे थोडे सविस्तर.

नेहमीच्या पायथॉनमध्ये जीआयएल नावाचे एक कुलूप असते. ज्या थ्रेडच्या हातात ते आहे तोच पायथॉनचा कोड चालवू शकतो. फाइल वाचताना, नेटवर्कची वाट पाहताना थ्रेड ते सोडून देतो, म्हणून अशा कामांना थ्रेड उत्तम. शुद्ध गणनेचा लूप असेल तर दर ५ मिलिसेकंदांनी कुलूप मागता येते. त्यामुळे विंडो चालते, पण जड झाल्यासारखी.

आपल्या उदाहरणात याहून वाईट घडते. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप केलेली असते, युनिकोडमध्ये ती अक्षराच्या नंतर साठवतात. रफार जुन्या क्रमात अक्षरानंतर येतो, युनिकोडमध्ये "र्" आधी लागतो. ही उलटापालट बहुतेक जण रेग्युलर एक्स्प्रेशनने (मजकुरातले नमुने शोधून बदलण्याच्या सोयीने) करतात, आणि सोपे पडते म्हणून चारशे पानांचा अख्खा मजकूर एकाच वेळी "सब" फंक्शनला देतात. ते फंक्शन आतून सीमध्ये लिहिलेले आहे आणि चालू असताना ते जीआयएल सोडत नाही. बदलीसाठी साधी स्ट्रिंग दिली असेल तर पूर्ण मजकूर संपेपर्यंत मुख्य थ्रेडला कुलूप मिळतच नाही. थ्रेड वेगळा आहे, कोड बरोबर आहे, तरी विंडो पांढरी.

उपाय दोन. मजकूर परिच्छेदा-परिच्छेदाने द्या, म्हणजे दोन परिच्छेदांच्या मध्ये मुख्य थ्रेडला श्वास मिळतो. किंवा काम वेगळ्या प्रोसेसमध्ये, म्हणजे स्वतःची मेमरी असलेल्या स्वतंत्र चालत्या प्रोग्रॅममध्ये, न्या. प्रोसेस वेगळी की कुलूपही वेगळे, आणि प्रोसेसरचे बाकीचे कोअरही कामाला लागतात. दोन्ही केले तर उत्तमच. पहिला उपाय रद्द करण्यासाठीही लागतो, तो मुद्दा पुढे येतो.

जीआयएल नसलेला पायथॉन ३.१३ या आवृत्तीत, म्हणजे २०२४ मध्ये, प्रयोग म्हणून मिळू लागला. ग्राहकाला द्यायच्या प्रोग्रॅममध्ये तो घालण्याआधी तुमची प्रत्येक लायब्ररी त्याच्यासोबत चालते का ते बघा.

वेगळ्या प्रोसेससाठी पायथॉनचे मल्टिप्रोसेसिंग वापरले. एक्झी केल्यावर प्रोग्रॅम स्वतःलाच पुन्हापुन्हा उघडत सुटतो!

विंडोजवर नवी प्रोसेस म्हणजे तोच प्रोग्रॅम पहिल्यापासून सुरू करणे. मुख्य फाइलीत "नाव मेन असेल तरच" (if __name__ == "__main__") हे रक्षण हवे आणि त्याच्या आत पहिल्याच ओळीत "फ्रीझ सपोर्ट" हे फंक्शन बोलवायला हवे. पायइन्स्टॉलर या साधनाने एक्झी करताना हे विसरले की प्रत्येक मदतनीस प्रोसेस स्वतःची विंडो उघडते, तीही पुढे मदतनीस मागवते, आणि टास्क मॅनेजर उघडेपर्यंत मशीन मान टाकते.

"रद्द करा" दाबले तरी काम थांबत नाही.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. माझ्या मते या विषयाचा गाभाही हाच आहे. थ्रेड सुरू करणे दहा ओळींचे काम. सुरू झालेले काम मध्येच सोडता येईल असे लिहिणे हे खरे कष्टाचे, आणि ते मागाहून चिकटवता येत नाही.

आधी नेहमीची फसगत पाहू. काम करणाऱ्या ऑब्जेक्टला "थांब" नावाचा स्लॉट दिला जातो आणि बटणाचा सिग्नल त्याला जोडला जातो. दिसायला सगळे व्यवस्थित. पण तो सिग्नल काम करणाऱ्या थ्रेडच्या रांगेत जाऊन बसतो आणि तो थ्रेड तर रूपांतराच्या लूपमध्ये आहे. लूप संपल्यावर तो रांगेकडे पाहणार आणि तेव्हा त्याला "थांब" दिसणार. मुख्य थ्रेडचा जो आजार होता तोच आपण दुसऱ्या थ्रेडला लावला.

म्हणून थांबण्याची खूण रांगेतून पाठवायची नाही, ती दोघांना दिसेल अशी समोर ठेवायची. पायथॉनचा "थ्रेडिंग इव्हेंट" किंवा क्यूथ्रेडचे "रिक्वेस्ट इंटरप्शन" यासाठीच आहे. बटणाने खूण लावायची आणि लूपने दर फेरीला ती बघायची.

किती वेळा बघायची? दर फाइलीला एकदा हे बहुतेकांचे उत्तर असते. शंभर फाइली दोन-दोन पानांच्या असतील तर ते ठीक. पण एखादी फाइल चारशे पानांच्या कादंबरीची निघाली तर "रद्द करा" दाबून मिनिटभर बसावे लागते आणि माणूस टास्क मॅनेजरकडे वळतो. दर परिच्छेदाला पाहा. खूण तपासण्याचा खर्च नगण्य आहे. बटण दाबल्यापासून प्रत्यक्ष थांबेपर्यंत जास्तीत जास्त किती वेळ जाऊ द्यायचा हे आधी ठरवायचे आणि कामाचे तुकडे त्या मापाने पाडायचे. मी एक सेकंद धरतो.

जे तुकडे तुमच्या हातात नाहीत त्यांना बाहेरून मर्यादा घालावी लागते. नेटवर्कवरून वाचताना टाइमआउट द्याच. काही लायब्ररींत तो दिला नाही तर थ्रेड अनंत काळ वाट पाहत बसतो. एसक्यूलाइट डेटाबेसची लांब क्वेरी दुसऱ्या थ्रेडवरून "इंटरप्ट" बोलावून थांबवता येते.

आणि बटण दाबताच, काम थांबायच्या आधीच, त्यावरची अक्षरे "थांबवत आहे…" अशी करा आणि बटण बंद करा. प्रोग्रॅमने आपले ऐकले एवढे कळले तरी पुढचा एक सेकंद माणूस शांतपणे थांबतो.

खूण वगैरे कशाला, थ्रेड सरळ मारून टाकला तर?

क्यूथ्रेडला "टर्मिनेट" आहे, आणि ते वापरू नका असे त्याच्या माहितीपत्रकातच बजावले आहे. मारलेल्या थ्रेडच्या हातात एखादे कुलूप असेल तर ते कायमचे लागलेले राहते आणि थोड्या वेळाने मुख्य थ्रेड त्याच दारात अडकतो. डॉटनेटच्या नव्या आवृत्त्यांत "थ्रेड अबॉर्ट" चालतच नाही, बोलावले की एरर येतो. खरोखरच मारायची सोय हवी असेल तर काम वेगळ्या प्रोसेसमध्ये ठेवा. प्रोसेस मारली की तिची मेमरी आणि उघड्या फाइली ऑपरेटिंग सिस्टिम आवरते.

रद्द केल्यावर अर्धवट लिहिलेल्या फाइलींचे काय करायचे?

त्या तयारच होऊ द्यायच्या नाहीत. रूपांतर झालेला मजकूर त्याच फोल्डरमध्ये तात्पुरत्या नावाने लिहायचा, फाइल पूर्ण झाली की "रिप्लेस"ने खरे नाव द्यायचे. मध्येच रद्द केले, अगदी प्रोग्रॅम पडला, तरी खऱ्या नावाची फाइल एकतर पूर्ण असते किंवा नसते. मूळ फाइलीला हात लावायचाच नाही, हे वेगळे सांगायला नको. आणि रद्द झाल्यावर "३,००० पैकी १,२४० फाइली झाल्या, उरलेल्या पुढच्या वेळी घेता येतील" असे सांगायचे. नुसते "रद्द झाले" म्हटले की माणसाला वाटते, आता सगळे पहिल्यापासून.

प्रोग्रेस बार किती वेळा हलवायचा?

सेकंदाला दहा वेळा पुरे. दर परिच्छेदाला सिग्नल सोडला तर सेकंदाला हजारो निरोप मुख्य थ्रेडच्या रांगेत पडतात आणि तो फक्त बार रंगवत राहतो. थ्रेड वेगळा करूनही विंडो हँग होण्याचे हे दुसरे मोठे कारण. काम करणाऱ्या बाजूलाच शेवटचा सिग्नल कधी सोडला ते लक्षात ठेवा आणि १०० मिलिसेकंद झाल्याशिवाय पुढचा सोडू नका. शेवटचा मात्र नक्की सोडा, नाहीतर बार ९९ टक्क्यांवर उभा राहतो.

टक्के फाइलींच्या संख्येवर काढण्यापेक्षा त्यांच्या एकूण आकारावर काढलेले बरे. एक कादंबरी आणि पन्नास पत्रे एकाच फोल्डरमध्ये असली की संख्येवरचा बार आधी पळतो आणि मग झोपतो. एकूण काम माहीत नसेल, उदाहरणार्थ उपफोल्डर अजून मोजायचेच आहेत, तर इकडून तिकडे सरकणारा बार दाखवा. खोटे टक्के दाखवू नका. बारखाली चालू फाइलीचे नाव असेल तर आणखी चांगले. एखाद्या फाइलीवर अडकले तर फोनवर "कोणत्या फाइलीवर थांबलंय?" एवढे विचारले की निम्मे निदान होते.

वर्डच्या फाइली वर्डकडूनच उघडून घेतो. ते थ्रेडवर नेले की "कोइनिशियलाइझ" बद्दल एरर येतो.

वर्डशी बोलणे कॉममधून (विंडोजमधल्या एका प्रोग्रॅमने दुसऱ्याशी बोलण्याच्या सोयीतून) होते आणि कॉम प्रत्येक थ्रेडवर वेगळे सुरू करावे लागते. थ्रेडच्या सुरुवातीला पायथॉनकॉमचे "कोइनिशियलाइझ" आणि शेवटी "कोअनइनिशियलाइझ" बोलवा. वर्डचा ऑब्जेक्टही त्याच थ्रेडवर तयार करा. मुख्य थ्रेडवर केलेला उचलून तिकडे नेऊ नका.

अजून एक. लपवून चालवलेले वर्ड पासवर्ड मागणारी किंवा "फाइल दुरुस्त करू का?" असे विचारणारी चौकट दाखवते. ती कुणाला दिसत नाही, तुमचा थ्रेड मात्र उत्तराची वाट पाहत राहतो. "डिस्प्ले अलर्ट्स" शून्य करा. त्यानेही काही चौकटी सुटतात, म्हणून जुन्या फाइलींसाठी वर्ड वेगळ्या प्रोसेसमधून चालवून वेळेची मर्यादा घालणे हाच पक्का इलाज.

काम नीट होते, पण अगदी शेवटी, निकाल दाखवताना विंडो अडकते.

दाखवणेही काम आहे, आणि ते मुख्य थ्रेडवरच होणार. तीन हजार ओळींच्या यादीत एकेक ओळ घालू नका, मॉडेल (माहिती वेगळी ठेवून यादीला लागेल तेवढीच देणारा क्यूटीचा ऑब्जेक्ट) वापरा. मग जेवढ्या ओळी पडद्यावर दिसतात तेवढ्याच रंगवल्या जातात. लॉगच्या चौकटीला ओळींची कमाल मर्यादा घाला.

देवनागरीत एक जास्तीचा खर्च असतो. जोडाक्षरे, मात्रा, रफार जागेवर बसवण्यासाठी प्रत्येक ओळ हार्फबझसारख्या आकार देणाऱ्या इंजिनातून जाते. चारशे पाने एकदम मजकूर-चौकटीत टाकली तर ती सगळी मांडणी मुख्य थ्रेडच्या माथी. पूर्वावलोकनात पहिली दोन पाने दाखवा आणि "पूर्ण फाइल उघडा" असे बटण द्या. तशीही चारशे पाने त्या चौकटीत कुणी वाचत नाही.

काम चालू असताना विंडो बंद केली तर?

"क्यूथ्रेड: थ्रेड चालू असतानाच नष्ट केला" हा निरोप देऊन प्रोग्रॅम पडतो. बंद करण्याचा इव्हेंट अडवा, थांबण्याची खूण लावा, विंडो लपवायची असेल तर लपवा, आणि "संपले" हा सिग्नल आल्यावरच खरोखर बंद करा. इव्हेंटच्या आत "वेट" बोलावून बसू नका, तो पुन्हा मुख्य थ्रेड अडवण्याचाच प्रकार. "नक्की बंद करायचे का?" हे काम चालू असेल तरच विचारावे.

थ्रेडमध्ये एरर आला तरी काहीच दिसत नाही, बार नुसता थांबतो.

कन्सोल नसलेल्या एक्झीमध्ये एररचा मजकूर छापायला जागाच नसते. कामाचे पूर्ण फंक्शन एका "ट्राय"मध्ये ठेवा, एररचा मजकूर सिग्नलने विंडोकडे पाठवा आणि लॉग फाइलीत लिहा. एका फाइलीच्या एररने बाकीच्या २,९९९ थांबू नयेत, म्हणून आत दर फाइलीला वेगळा "ट्राय" हवाच.

सी शार्प, जावा, टीकेइंटर: तिकडे काय वापरायचे?

सी शार्पमध्ये २०१२ पासून असिंक-अवेट (थ्रेड न अडवता कामाची वाट पाहण्याची सोय) आहे आणि आता त्याशिवाय दुसरे काही शिकायची गरज नाही. २००५ चा बॅकग्राउंडवर्कर जुन्या कोडमध्ये भेटेल, चालतो, राहू द्या. एवढे लक्षात ठेवा की असिंक लिहिल्याने काम आपोआप दुसऱ्या थ्रेडवर जात नाही. गणनेचे काम "टास्क रन"मध्ये घालावे लागते. आणि मुख्य थ्रेडवर टास्कचा "रिझल्ट" मागू नका. टास्क पुढे जायला मुख्य थ्रेडची वाट पाहतो, मुख्य थ्रेड टास्कची, आणि दोघेही तसेच बसून राहतात. रद्द करण्यासाठी कॅन्सलेशन टोकन आणि प्रगतीसाठी "प्रोग्रेस" हा वर्ग तयारच आहे. या बाबतीत डॉटनेटची मांडणी मला सगळ्यांत नीटनेटकी वाटते.

जावाच्या स्विंगमध्ये २००६ च्या सहाव्या आवृत्तीपासून स्विंगवर्कर आहे, जावाएफएक्समध्ये "टास्क". टीकेइंटरमध्ये (पायथॉनसोबत येणाऱ्या विंडोच्या लायब्ररीत) सिग्नल नाहीत. थ्रेडने "क्यू"मध्ये टाकायचे आणि विंडोने "आफ्टर" वापरून दर १०० मिलिसेकंदांनी ती क्यू रिकामी करायची. थोडे गावठी आहे, पण भरवशाचे.

नेमके कुठे अडकले आहे ते कसे शोधायचे?

हँग झालेला असतानाच पकडा. विंडो पांढरी असताना डीबगरमध्ये "सगळे थांबवा" दाबा आणि मुख्य थ्रेडचा कॉल स्टॅक (कोणत्या फंक्शनने कोणते बोलावले त्याची यादी) वाचा. दहापैकी नऊ वेळा गुन्हेगार तिथे नावासकट उभा असतो. पायथॉनसाठी पाय-स्पायचा "डंप" हा आदेश चालू प्रोग्रॅमला हात न लावता हेच दाखवतो, जावासाठी जेस्टॅक, मॅकवर ॲक्टिव्हिटी मॉनिटरमधले "सॅम्पल".

ग्राहकाच्या मशीनवर हे जमत नाही. तिथे प्रोग्रॅममध्येच दर २०० मिलिसेकंदांनी वाजणारा टायमर ठेवा. दोन ठोक्यांमध्ये सेकंदापेक्षा जास्त वेळ गेला तर लॉगमध्ये तेवढी नोंद करा. त्या वेळेच्या आसपास काय चालले होते ते बाकीचा लॉग सांगतो.

रात्री काम लावून गेलो, सकाळी पाहतो तर निम्मेच झालेले. एरर काही नाही.

लॅपटॉप झोपला असणार. माऊस हलला नाही की विंडोज मशीन झोपवते, तुमचा थ्रेड कितीही राबत असो. काम सुरू करताना "सेट थ्रेड एक्झिक्युशन स्टेट" या फंक्शनला "सिस्टिम लागणार आहे" आणि "सांगेपर्यंत लागणार आहे" या दोन्ही खुणा द्या. पडदा बंद झाला तरी चालेल, त्याची खूण देऊ नका. झाकण मिटले तर मात्र याचा उपयोग नाही. आणि काम संपले, रद्द झाले किंवा एररने पडले, तिन्ही वाटांवर ती खूण काढून घ्या, नाहीतर प्रोग्रॅम उघडा असेपर्यंत मशीन झोपणारच नाही.